खरखर

नौपाड्यातल्या मामाच्या खोलीतून मी शेवटी फक्त ट्रान्झिस्टर उचलला. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली, जागा रिकामी करायची तारीख जिन्यात चिकटवलेली, आणि मामा त्या तारखेच्या आधीच गेलेला. चामडी कव्हरचा, पट्टा तुटलेला, एरिअल मधोमध वाकलेला तो रेडिओ मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी आणला, पुसला, नवे सेल घातले. मामाकडे तो पहाटे सहाला लागायचा आणि चहा, दाढी, आंघोळ सगळं त्याच्या आवाजावर चालायचं. आमच्याकडे लावला तर नुसती खरखर. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठे घरघर, कुठे बारीक शिट्टी, कुठे चरचर. माणसाचा आवाज कुठेच नाही. मी म्हटलं, गेला हाही. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली भाची मान वर न करता म्हणाली, "मावशी, रेडिओ ठीक आहे. तुझं घर बिघडलंय."

मग ती उठली आणि ट्रान्झिस्टर हातात धरून घरभर फिरली. हॉलमधल्या एलईडी दिव्याखाली नेला तर तो जाडसर गुरगुरला. मोबाइलच्या चार्जरपाशी कर्कश झाला. वायफायच्या डबीजवळ थांबून थांबून टकटकला. प्रत्येक वस्तूची खरखर वेगळी, आणि पाचदहा मिनिटांत मलाही ती ओळखू यायला लागली. एकेक बटण बंद करत ती शेवटी मेन स्विचपाशी पोचली. पंखे थांबले, फ्रिजने एक उसासा टाकला, आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलेल्या त्या जुन्या डब्यातून एक बाई स्वच्छ मराठीत कांद्याचे भाव सांगू लागल्या. भाची विजयी चेहऱ्याने बघत होती. नवरा आतून ओरडला की मीटिंग चालू होती, वायफाय कोणी घालवलं.

घर पुन्हा सुरू केलं. बाई गेल्या.

मला मात्र 'तुझं घर बिघडलंय' हे वाक्य चिकटून बसलं. मामाच्या खोलीत पिवळा बल्ब, एक पंखा आणि लोखंडी कपाट. त्याच्या रेडिओला ऐकू येण्यासारखी शांतता तिथे शेवटपर्यंत होती, तीही राम मारुती रोडपासून हाकेच्या अंतरावर. आणि मी ज्या विसाव्या मजल्यावर 'शांत आहे हो इकडे, येऊरचा डोंगर दिसतो' असं पाहुण्यांना सांगत असते, तिथे प्रत्येक भिंत अखंड बडबडत असते. फक्त मला ते ऐकू येत नाही.

भाचीचं हे रोजचं काम आहे. ती पुण्याला रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते आणि सुट्टीत आमच्याकडे येते, म्हणजे लॅपटॉपसकट येते. तिच्या पडद्यावर बहुतेक वेळ रंगीत चौकटी असतात आणि ती त्यातल्या उभ्याआडव्या पट्ट्या निवडून निवडून कचऱ्यात टाकत असते. याला ती लोकं 'फ्लॅग करणं' म्हणतात. कुठे विजेच्या तारेवर ठिणगी उडाली, कुठे मोबाइलचा मनोरा, कुठे डोक्यावरून गेलेला उपग्रह. रात्रभर दुर्बिणीने गोळा केलेलं आणि दिवसभर हिने फेकलेलं. उरतं त्यातून कुठेतरी एक ठिपका सापडतो, नाहीतर सापडत नाही. तो ठिपका म्हणजे एक मेलेला तारा. ज्या दीर्घिकांमध्ये, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्यांमध्ये, तारे भराभर जन्माला येतात, तिथले सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारे तारे, रेडिओ लहरींमध्ये कसे दिसतात, हा तिचा विषय. मी घरी आलेल्यांना सांगते, ती अवकाशातली वगैरे आहे काहीतरी. ती डोळे फिरवते.

खरखरीचं तिच्या क्षेत्राशी नातं मुळापासूनचं आहे. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. अटलांटिकपलीकडे रेडिओवरून टेलिफोन लावताना खरखर येते, ती कुठून येते ते शोध, एवढंच त्याला सांगितलेलं. न्यू जर्सीतल्या एका मोकळ्या जागेत त्याने लाकडी सांगाड्याचा, चाकांवर गोल फिरणारा अँटेना उभारला आणि खरखरीची वर्गवारी केली. जवळची वादळं, लांबची वादळं, आणि तिसरी एक मंद सुसू, जी कशातच बसेना. ती दिवसातून एकदा वाढायची, पण चोवीस तासांनी नाही. २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळाने. १९३३ साली त्याने जाहीर केलं की हा आवाज आपल्या आकाशगंगेतून, धनू राशीच्या बाजूने येतोय. टेलिफोन कंपनीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि जान्स्कीला पुढे दुसऱ्या कामाला लावलं. ती सुसू कशाची, हे कळायला आणखी वर्षं गेली. फुटलेल्या ताऱ्यांच्या धक्क्यांनी पिसाळलेले इलेक्ट्रॉन लाखो वर्षं आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गरगरत राहतात आणि गरगरताना रेडिओ लहरी सोडतात. जान्स्कीने ऐकली ती बव्हंशी ही.

मी लगेच म्हटलं, म्हणजे मामाच्या रेडिओवरही आकाशगंगा लागत असणार! भाचीने तो फुगा तिथेच फोडला. मिडियम वेव्हवर वरचं काही खाली येत नाही, वातावरणाच्या वरच्या भागातला विद्युतभारित थर, आयनांबर, अडवतं, आणि तुझ्याकडे जे लागतं ते वॉशिंग मशीन आहे. शास्त्र शिकलेली मुलं घरात असली की ललित लिहिणाऱ्यांचं असं नुकसान होत असतं.

नारायणगावजवळच्या खोडदला, तिथली प्रचंड रेडिओ दुर्बीण बघायला, तिने मला नेलंय. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे सगळ्यांना आत सोडतात. आम्ही ठाण्याहून कल्याण, मुरबाड करत माळशेज चढलो, ओतूर मागे टाकलं, नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांचे फलक बघत चहा घेतला आणि आत वळलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, टोमॅटोच्या बांबूवर चढवलेल्या ओळी, आणि त्यांच्यावर एकदम उगवलेली ती प्रचंड ताटं. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशी ३०. चौदा मधल्या किलोमीटरभराच्या चौकात आणि बाकीची तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, कुणाच्या बांधाला, कुणाच्या ओढ्याकाठी. मला वाटलं होतं पांढरंशुभ्र, घट्ट काही असेल. जवळ गेलं तर आरपार आकाश दिसतं. बारीक स्टीलच्या तारांची जाळी, ताणलेल्या दोऱ्यांवर बसवलेली. वारा त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. मीटरभर लांबीच्या लहरीला जाळीची भोकं भोकं वाटतच नाहीत, ती भिंत समजून परत फिरते. ही या दुर्बिणीचे जनक, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची करामत. त्या दिवशी आवारात जिल्हा परिषदेच्या शाळांची पोरं थर्माकोलची मॉडेलं मांडून बसली होती आणि एका मुलीने मला ज्वालामुखी दोनदा फोडून दाखवला. आत मोबाइल बंद ठेवायचा. आसपासच्या कारखानदारीवरही बंधनं आहेत. एवढ्या गजबजलेल्या महाराष्ट्रात तेवढा एक तुकडा गप्प राहावा म्हणून किती लोकांना किती कागद हलवावे लागत असतील, याचा विचार करत मी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

परत येताना कल्याणला अंधार झाला आणि भाचीने गाडीत सांगितलं की हे सगळं सुरू झालं ते इथे. कल्याणला! टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी राहिली. ३२ छोट्या डिश, जेमतेम सहा फुटी, सूर्याकडे तोंड करून. सिडनीजवळच्या पॉट्स हिलला वापरून झालेल्या, ऑस्ट्रेलियनांना नकोशा झालेल्या त्या डिश स्वरूपांनी मागून घेतल्या होत्या. आधी काही वर्षं त्या दिल्लीत पडून राहिल्या. मग होमी भाभांनी स्वरूपांना आणि परदेशातल्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना तार करून बोलावून घेतलं, स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्डहून परतले आणि कल्याणला कामाला लागले. तिथून उटी, तिथून खोडद. माझं सासर कल्याणचं, पण त्या घरात या गोष्टीचा उच्चार मी कधी ऐकला नाही. कल्याणचं म्हणून आम्ही दुर्गाडी सांगतो, सुभेदारांची सून सांगतो, फार तर जंक्शनवरचा वडापाव. पत्रीपुलावर अडकलेल्या गाडीत बसून मी बाहेर बघत राहिले. सूर्याचा रेडिओ ऐकायला कुणी जागा निवडली असेल अशी एकही खूण कुठे शिल्लक नाही.

तर ते तारे. वांगणीला माळावर रात्र जागवायचा नाद मला लग्नाआधीपासून आहे. सतरंज्या, ओडोमॉस, थर्मासमधला चहा, आणि पहाटे दोनला कुणाच्या तरी दुर्बिणीपुढे रांग. मार्च-एप्रिलमध्ये सप्तर्षी वर आले की हमखास दीर्घिकांची एक जोडी दाखवतात, एम ८१ आणि एम ८२. दुर्बिणीत दोन पुसट डाग. एक गोलसर, दुसरा सुरीच्या पात्यासारखा अरुंद. तो अरुंद, एम ८२, सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्या पोटात तारे जन्माला येण्याची नुसती धुमाळी चालू आहे. शेजारच्या एम ८१शी झटापट झाली आणि वायू मध्यभागी कोंबला गेला, त्याचा हा परिणाम. दुर्बिणीपाशी उभं राहून यातलं काही कळत नाही. डाग दिसतो, मागचा माणूस 'झालं का?' विचारतो, आपण सरकतो.

या एम ८२मध्ये हल्लीच्या काळात दोन स्फोट झाले आणि त्या दोघांची गोष्ट भाचीने सांगितल्यापासून मी कुणाकुणाला ऐकवली आहे. २१ जानेवारी २०१४च्या संध्याकाळी लंडनच्या मिल हिल वेधशाळेत स्टीव्ह फॉसी नावाचे शिक्षक काही विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी चालवायची ते दाखवत होते. ढग येत होते, तास गुंडाळायचा होता, म्हणून पटकन एम ८२ घेतली आणि तिथे एक तारा जास्तीचा निघाला. बातमी जगभर गेली. छोट्या दुर्बिणीवाल्यांनीही तो पाहिला, फोटो काढले. रेडिओवाल्यांनी आपापल्या ताटल्या तिकडे वळवल्या आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. अगदी काहीच. तो श्वेत बटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा स्फोट होता, आणि त्याच्या भोवती धडकायला काही नव्हतंच.

दुसरा त्याच्या आधीचा. २००९ साली बॉनच्या मॅक्स प्लांक संस्थेतले आंद्रेआस ब्रुनथालर आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने एम ८२ बघत होते. त्या दीर्घिकेच्या मध्याजवळ रेडिओत एक नवा, प्रखर ठिपका होता. जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर तो २००८च्या सुरुवातीला उगवलेला. पुढे खंडाखंडांवरच्या दुर्बिणी जोडून पाहिलं तेव्हा ठिपक्याचं कडं झालेलं दिसलं, सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटरने फुगत जाणारं. मोठा तारा फुटला होता, आणि आकाशातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या दीर्घिकांपैकी एकीत फुटला होता. हौशी लोक दर आठवड्याला जिचे फोटो काढतात त्या दीर्घिकेत. एकाही फोटोत तो नाही. मधे धूळ होती.

म्हणजे जो सगळ्यांनी पाहिला तो मुका, आणि जो खणखणीत बोलत होता तो कुणाच्याच नजरेला पडला नाही.

धूळ म्हटल्यावर मला अर्थातच आमच्या खिडकीवरची, मेट्रोच्या खांबांची, नौपाड्यात रोज एक इमारत पाडताना उडणारी आठवली. पण ती उपमा मी मागे घेते. ताऱ्यांमधली धूळ धुरापेक्षा बारीक असते, वाळूच्या आणि काजळीच्या कणांची, आणि ती ताऱ्यांनीच आधी बाहेर टाकलेली असते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी त्या कणांच्याच मापाच्या, त्यामुळे त्या तिथेच अडकतात. सेंटिमीटर-मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना तो कण आहे हेही कळत नाही. हे साधं आहे. मला चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. सूर्याच्या आठपटीहून जड तारे असे फुटतात, आणि जड तारे अल्पायुषी असतात. सूर्य एक हजार कोटी वर्षं जगेल. हे फार तर तीन-चार कोटी वर्षांत आटपतात, त्यातही फारच जड असले तर तीस-चाळीस लाखांतच. ज्या ढगात जन्मले त्यातून बाहेर पडायलाही त्यांना वेळ मिळत नाही. म्हणून जिथे जन्म जास्त, तिथेच मरणं जास्त, आणि तिथेच ती झाकलेली. जी दीर्घिका सर्वांत जोमात आहे, तिचीच आपल्याला कमी खबर.

आर्प २२० नावाची एक आहे, पंचवीस कोटी प्रकाशवर्षांवर. दोन दीर्घिका एकमेकींत घुसून एक होत आहेत. साध्या प्रकाशात एक वाकडातिकडा, मळकट ढीग. १९९८ साली दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून, १८ सेंटिमीटरच्या लहरींवर तिच्या गाभ्यात डोकावलं गेलं, तेव्हा तिथे डझनभर ठिपके वेगवेगळे दिसले. प्रत्येक ठिपका एक सुपरनोव्हा. नंतरच्या निरीक्षणांत ते पन्नासच्या घरात गेले, नवे उगवताना सापडले, आणि हिशेब निघाला की तिथे वर्षाला चारेक तारे फुटत असावेत. आपल्या आकाशगंगेत शंभर वर्षांत दोनेक. आणि त्यातलाही शेवटचा नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलेला १६०४चा, केप्लरचा. त्यानंतर आपल्याकडे काही फुटलंच नाही असं नव्हे. धनू राशीत, आकाशगंगेच्या मध्याकडे, एका स्फोटाचं कवच आहे. ते रेडिओतच हाती लागलं, आणि वीसेक वर्षांत ते किती फुगलं हे मोजून २००८ साली त्याचं वय सांगितलं गेलं. त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीपाशी पोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत, फार तर थोडा मागेपुढे. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दुर्बिणी होत्या, कॅमेरे होते, रात्री अंधाऱ्या होत्या. आपल्याच आकाशगंगेत तारा फुटला आणि कोणाला पत्ता लागला नाही.

आता मामाच्या खोलीकडे यायला हवं, कारण पुढचं मला तिथे कळलं. भाचीने आधी समजावलं होतं, पण डोक्यावरून गेलं होतं. तारा फुटला म्हणून रेडिओ लहरी निघत नाहीत. मोठा तारा म्हातारपणी स्वतःला हळूहळू सोडत असतो. त्याच्या अंगावरून वारा वाहतो, सेकंदाला दहाएक किलोमीटरने, हजारो वर्षं. हे सोडलेलं त्याच्याभोवती थरांवर थर पसरत जातं. मग एक दिवस तो फुटतो आणि स्फोटाची लाट सेकंदाला दहा हजार किलोमीटरने निघते. वाऱ्याच्या हजारपट वेगाने. ती लाट त्या जुन्या वाऱ्यावर आदळते, इलेक्ट्रॉन उधळतात, आणि आपल्याला जे ऐकू येतं ते या आदळण्याचं. म्हणून रेडिओवाले स्फोटानंतरचं एक वर्ष ऐकतात तेव्हा ताऱ्याने मरणाआधी हजार वर्षांत काय काय टाकलं ते वाचत असतात. उलट्या क्रमाने. आधी कालपरवाचं, मग जुनं, मग आणखी जुनं.

आम्ही, म्हणजे मी आणि ही भाची, मामाची खोली आवरायला बसलो तेव्हा वर होतं ते शेवटच्या महिन्यांचं. गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या, साखर तपासायच्या काड्या, विजेची बिलं, चष्म्याच्या दुकानाचं कार्ड. त्याखाली निवृत्तीनंतरचं. पासबुकं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीची पावती, गडकरी रंगायतनची फाटलेली तिकिटं रबरबँडात. त्याखाली वागळे इस्टेटमधल्या कंपनीचं. ईएसआयचं कार्ड, युनियनची पत्रकं, संपाच्या दिवसांतल्या उधारीची वही, तिच्यात वाण्याचं अक्षर. ट्रंकेत निळी आंतर्देशीय पत्रं, माझ्या आजीची, प्रत्येकात तेच, कधी येतोस. आणि त्याखाली रेडिओचं लायसन्स, पोस्टात पैसे भरून तिकिटं डकवलेली छोटी पुस्तिका. आम्ही दोघी थांबत, वाचत, खाली खाली जात होतो. अर्ध्यावर भाची म्हणाली, "अगं, आपण तेच करतोय." आणि मला वाऱ्याचं ते सगळं एका क्षणात कळलं. मामा गेला तेव्हा मला धक्का बसला नव्हता. वय झालं होतं, फोन येणार हे माहीत होतं. धक्के बसले ते इथे, एकेका थराला. उधारीच्या वहीला सगळ्यात जोरात बसला. त्या वर्षी त्याने माझ्या कॉलेजची फी भरली होती.

लायसन्सच्या खाली ट्रंकेचा पत्रा लागला. त्याच्या आधीचं काही नाही. गावचं, शाळेचं, वडिलांशी भांडून निघाला तेव्हाचं, काहीच नाही. ताऱ्यांच्या बाबतीतही असा पत्रा लागतो. २८ मार्च १९९३ला फ्रान्सिस्को गार्सिया या स्पॅनिश हौशी निरीक्षकाला एम ८१मध्ये, म्हणजे त्या जोडीतल्या गोल डागात, एक सुपरनोव्हा दिसला. रेडिओत त्याचा पाठलाग वर्षानुवर्षं झाला, खोडदहूनही झाला. तो हळूहळू मंद होत होता, तसा होणारच. पण सुमारे ३१०० दिवसांनंतर एकदम वेगाने विझायला लागला. अर्थ असा लावला गेला की लाट दाट वाऱ्याच्या कडेपाशी पोचली. मरणाआधी साधारण आठ हजार वर्षांपूर्वी त्या ताऱ्याचं काहीतरी बदललं होतं, त्याच्या आधी तो एवढं सोडत नव्हता. काय बदललं, याबद्दल जोडीदार ताऱ्याकडे बोट दाखवतात. आम्ही मामाबद्दल आजोबांकडे दाखवतो.

खोडदच्या वाट्याला ही हकीकत उशिरा येते, हेही मला आवडलं. फुटल्या फुटल्या ताऱ्याभोवतीचा वारा तापून आयनित होतो आणि रेडिओ लहरीच गिळायला लागतो. लाट पुढे सरकून तो पडदा विरळ होईल तसतशा आधी आखूड लहरी सुटतात, लांब लहरी मागून. त्यामुळे अमेरिकेतल्या दुर्बिणीवर आखूड लहरींत तारा चमकून मावळतीला लागलेला असतो तेव्हा आपल्याकडच्या मीटरभर लहरींत तो कुठे उगवत असतो. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. भाची म्हणते, त्या उशिरानेच तर कळतं भोवती किती दाट होतं ते. तिच्या वयाला उशीर ही मोजायची गोष्ट वाटते. मला तिचा थोडा हेवा वाटतो.

पण खरोखर दूरच्या दीर्घिकांत हे कुठलंच ऐकता येत नाही. विश्वात तारे जन्माला येण्याची गर्दी सर्वांत जास्त होती त्या काळातल्या, दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिका पाहायच्या तर अख्खी दीर्घिका मिळून एक फिकट ठिपका असतो. त्यातला कोणता तारा कधी फुटला, विचारायची सोयच नाही. उरतो तो सगळ्यांचा मिळून गजर, लाखो वर्षांत फुटलेल्या ताऱ्यांनी उधळलेल्या इलेक्ट्रॉनांचा, जान्स्कीच्या सुसूसारखाच. त्या गजराच्या जोरावरून तिथे तारे किती वेगाने जन्मत असतील ते काढतात, आणि तापलेल्या धुळीच्या अवरक्त उजेडाशी ते आश्चर्य वाटावं इतकं जुळतं. मरणाच्या आवाजावरून जन्माची गणती. भाचीला ही पद्धत चोख वाटते. मला ती पटते आणि तरी आत कुठेतरी नको वाटते. मामा ज्या आकड्यात गेला तो आकडाही महापालिकेकडे चोख असणार, आणि त्याच्यावरून ठाण्याचं काहीतरी खरंच कळत असणार.

हे मी तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मग जवळचे ऐकायचे ना, एकेकटे. त्यासाठीच तर भांडतो आम्ही." भांडण म्हणजे दुर्बिणीच्या वेळेसाठी. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, जगभरातून येतात, मागितलेल्या तासांपेक्षा उपलब्ध तास नेहमी कमी. तिने या वेळी एक जुना, बाकीच्यांनी सोडून दिलेला सुपरनोव्हा मागितलाय. मी विचारलं, काही ऐकू नाही आलं तर? "तर तसं लिहायचं. इतक्यापेक्षा जास्त नाही, म्हणून. त्या २०१४वाल्याचं तेच केलं की लोकांनी, काही नव्हतं म्हणूनच कळलं की भोवती काही नव्हतं." आणि वेळच नाही मिळाला तर? तिने लॅपटॉप मिटला. "तर पुढच्या अर्जात परत मागायचं. तो कुठे पळून जातोय? त्याची लाट चाललीच आहे."

निकाल लागेल तेव्हा पावसाळा असेल म्हणे. मी तिला बजावलंय, काहीही होवो, माळशेजने यायचं नाही, दरडी कोसळतात. पुण्याहून आगगाडीने ये, ठाण्याला थांबणारी बघून. ती म्हणाली, "मावशी, पुण्याहून ठाण्याला यायला माळशेज कशाला लागेल?" आणि मग तिच्या लक्षात आलं की मी पुन्हा खोडदला जायचं म्हणत होते.